लोमाच्या स्टँडवरची गर्दी

ला लोमा, १६ एप्रिल

लुकडे,

रविवारी मी दोन ताटं मांडली होती.

मला आधी कुठे ठाऊक होतं तू येणार ते! फुटबॉलचा सामना संपला, नेहमीप्रमाणे हरलो, आणि रेडिओ बंद करायला हात पुढे केला तर तो बाल्बुएना म्हणाला, “ला लोमाच्या मैदानावरून थेट समालोचन केलं रुबेन बाल्बुएनानं, ध्वनी यानिना कोर्बो.” माझं आडनाव रेडिओवर! आयुष्यभर गाद्या भरल्या, पण कोर्बो हे नाव गादीच्या शिलाईखेरीज कुठे उमटलं नव्हतं. भिंतीवरून शेजारच्या देल्मीराला हाक मारली तर ती म्हणते, “पोरगी चार गल्ल्यांवर आलीय आणि तुम्ही इथे भिंतीला काय सांगताय?”

तेही खरंच होतं. मी बटाटे उकडले. मांस कुटून, पावाचा चुरा लावून तयार ठेवलं, म्हणजे तू दारात आलीस की तव्यावर टाकायचं. अंधार पडेपर्यंत तसंच ठेवलं. मग माझ्यापुरतं तळलं.

रागावलेलो नाही. म्हणजे थोडा आहे. चार गल्ल्या, यानिना! माझा खुबा साथ देत असता तर मीच आलो असतो, पण अन्सेल्मो गेल्यापासून मी मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही. तीस वर्षं ज्याच्या शेजारी बसलो त्याची जागा रिकामी बघायची, त्यापेक्षा रेडिओ बरा. आणि काय गर्दी होती गं! आपण हरतोय आणि लोक ढोल वाजवतायत. अन्सेल्मो म्हणायचा, आपण दोघं मेलो की मैदानाच्या या स्टँडच्या पायऱ्यांवर शेवाळ येईल. त्याला ऐकवायला हवं होतं.

फोनवर मला सुचत नाही हे तुला माहीतच आहे. तू विचारतेस, “कसा आहेस?” मी म्हणतो, “बरा.” मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. म्हणून बसच्या पार्सलात हे पत्र घातलंय, सोबत मेंब्रीयो फळाची वडी. डबा परत पाठव.

तुझा बाप,
एलीसेओ


ब्वेनोस आइरेस, २५ एप्रिल

बाबा,

वडी मिळाली. डबा याच पार्सलात आहे.

सामना संपला की कंपनीची गाडी लगेच निघते. दुसऱ्या गावचा सामना पाठोपाठ असतो, सामान उतरवायचं, चढवायचं. थांबा म्हणायची सोय नाही. तुला आधी कळवायला हवं होतं. राहून गेलं.

कामाबद्दल विचारतोस. काम आवाजाचं. किती आवाज आत घ्यायचा आणि किती बाहेर ठेवायचा, एवढंच बघायचं. अवघड नाही. आई म्हणायची तसं, बसून पगार.

हो, स्टँड भरलेला असतो.

थंडी सुरू होईल. शेगडीचं नळकांडं साफ करून घे.

यानिना


ला लोमा, ७ मे

यानिना पोरी,

मी देल्मीरा. तुझ्या बापाला न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तर माझ्या नावावर पाठव.

रविवारी सकाळपासून एलीसेओ माझ्या मागे. “पोरीला घरी यायला वेळ नाही, तर डबा तरी पोचव.” एम्पानादा केल्या होत्या, मांसाचं सारण भरून, गरम, फडक्यात गुंडाळून. मी म्हटलं, जाते बाई. गेले मध्यंतराच्या सुमाराला. समालोचकांच्या खोलीला कुलूप, आणि कुलूप असं गंजलेलं की किल्लीनेसुद्धा उघडायचं नाही. वर पक्ष्यांनी मातीचं घरटं बांधलंय. गाडी नाही, वायर नाही, बाल्बुएना नाही, तू नाहीस. मैदानापलीकडच्या खांबावर एक कॅमेरा आपला आपण मान फिरवतोय. आणि स्टँडवर कोण? मी, गेटवाल्या नाचोचा कुत्रा, आणि पाहुण्या संघातल्या कुणाची तरी बायको, तीही फोनमध्ये डोकं घालून.

डबा मी आणि कुत्र्यानं संपवला. चांगल्या झाल्या होत्या.

परत आले तर तुझा बाप रेडिओला कान लावून बसलेला, आणि रेडिओत असा गलका की छप्पर उडेल! पोरी, मी तिथूनच आले होते. तिथे कुत्रासुद्धा भुंकत नव्हता. तो म्हणाला, “ऐकतेस ना? तुडुंब आहे आज. दिलास डबा?” मी म्हटलं, “दिला.” “काय म्हणाली?” “हसली.”

आता माझ्या तोंडून हे खोटं निघालं ते तुझ्यापायी. हा काय प्रकार आहे ते मला नीट सांग. तू नेमकी असतेस तरी कुठे?

देल्मीरा


ब्वेनोस आइरेस, १२ मे

देल्मीरा मावशी,

मी इथेच असते. एका खोलीत. खोलीला खिडकी नाही, कारण बाहेरचा आवाज यायला नको. समोर पडदा, पडद्यावर त्या खांबावरच्या कॅमेऱ्याचं चित्र. बाल्बुएना चित्र बघून बोलतो, जणू मैदानावर बसलाय. थंडीचे दिवस असले तर हात चोळतो, तो आवाजसुद्धा माइकमध्ये जाऊ देतो. त्यात तो वाकबगार आहे. आणि मी गर्दी करते.

म्हणजे माझ्यापुढे बटणं आहेत. एक नुसत्या कुजबुजीचं, एक ढोलाचं, एक शिट्ट्यांचं, एक गोल थोडक्यात हुकला की लोक हळहळतात त्याचं, एक गोलाचं. दिवसाला तीन-तीन सामने होतात. वेगवेगळ्या गावांची वेगवेगळी गर्दी, सगळी माझ्या बोटांखाली. हे आवाज खोटे नाहीत. पूर्वी कंपनीची गाडी खरंच गावोगाव जायची, तेव्हा भरून आणलेत. लोमाची गर्दी लोमाचा संघ वरच्या गटात चढला त्या वर्षाची आहे. माणसं खरीच आहेत. फक्त त्या दिवसाची आहेत.

भाताच्या गिरणीवाले जाहिरातीचे पैसे देतात ते ‘मैदानावरून थेट’ या शब्दांचे. म्हणून बाहेर बोलायचं नाही अशी आमची सही घेतलीय. पण मावशी, त्या सहीला घाबरून मी गप्प आहे असं समजू नकोस. बाबाला सांगायचं म्हणजे मी नव्हते एवढंच सांगून भागत नाही. मग लोकही नव्हते हे सांगावं लागतं. त्याच्याकडे आठवड्यातून तेवढी दोन तासांची गर्दी आहे. ती मी काढून कशी घेऊ?

तू विचारशील, तुला याचं काही वाटत नाही का? सुरुवातीला वाटायचं. आता कसलंच काही वाटत नाही. मागच्या महिन्यात ऑफिसात एकीचा वाढदिवस होता, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझं बोट टेबलावर बटण शोधत होतं. लोक हसले की मी मनात मोजते, हा आवाज आता किती वेळाने खाली आणायचा. आईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेलाही मी चर्चमध्ये बसून हेच केलं. रडू आलं नाही. घुमण्याचा आवाज चांगला होता, एवढं लक्षात राहिलं.

त्याला सांगू नकोस. डबे तू आणि कुत्र्यानं संपवत जा. फक्त डब्यात काय होतं ते मला कळवत जा.

यानिना


ला लोमा, ११ जून

लुकडे,

एक गंमत सांगायची आहे.

तुला अन्सेल्मोचं ते वाक्य आठवतं का? आपल्या कुणी गोल हुकवला की तो उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचा, “माझी सासू याहून जोरात मारते!” तीस वर्षं तेच. त्याची सासू वारली त्या आठवड्यातसुद्धा ओरडला, आणि मग खाली बसून डोळे पुसले.

तर रविवारी आपल्या त्या नवीन पोराने, गोलरक्षक पडलेला असताना, चेंडू आकाशात मारला. लोक हळहळले. आणि त्या हळहळण्यात, अगदी मागून, कुणीतरी ओरडलं, “माझी सासू याहून जोरात मारते!” माझ्या हातातला माते चहाचा पेला सांडला. मी म्हटलं, म्हातारपण, कान वाजतायत. तर उत्तरार्धात पुन्हा! आणि पुन्हा! तेच वाक्य, तोच सूर, शेवटी तसाच फाटलेला आवाज. एका सामन्यात तीनदा एकच विनोद, आणि गड्याला कंटाळा नाही. अन्सेल्मोचा चेलाच म्हणायचा.

मी फार हसलो. मग सांडलेलं पुसून काढलं.

कोण आहे गं तो? तू वरून बघतेसच. त्याचा कुणी पुतण्याबितण्या आहे का? त्याचा पोरगा तर स्पेनला असतो. जरा बघून सांग. कसा दिसतो, कुठे बसतो. आमच्याच पायरीवर बसत असेल तर मात्र कमाल झाली.

देल्मीरा म्हणते तू डबा हसून घेतेस. या वेळीही पाठवला होता. तुझ्या आवडीचं होतं, सगळं संपवलंस ना?

बाबा


ब्वेनोस आइरेस, २० जून

बाबा,

एम्पानादा छान झाल्या होत्या. खुसखुशीत. बाल्बुएनालाही दोन दिल्या.

त्या माणसाला मी पाहिलं. म्हातारा आहे, तपकिरी टोपी घालतो. तुमच्याच पायरीवर बसतो, खांबाजवळ. नाव माहीत नाही. पुतण्या वगैरे नसावा. बहुतेक जुना सभासद असेल, तुमचं ऐकून ऐकून शिकला असेल.

लोक त्याच्या ओरडण्यावर हसतात.

काळजी घे.

यानिना


ला लोमा, २ जुलै

लुकडे,

खीर होती. दुधात शिजवलेला भात, वर दालचिनी, तुझी आई करायची तशी. एम्पानादा त्याच्या आधी होत्या. जाऊ दे. रोज इतक्या गावांचं खाणं होत असेल, लक्षात कुठे राहणार? बाल्बुएनाला आवडलं ना, झालं.

तपकिरी टोपीचं वाचून मला चैन पडेना. आमच्या पायरीवर, खांबाजवळ! ती तर माझी जागा. अन्सेल्मो खांबाच्या पलीकडे, मी अलीकडे. म्हणजे माझ्या जागेवर बसून माझ्या मित्राचं वाक्य ओरडणारा कुणीतरी गावात आहे, आणि मला त्याचं नाव माहीत नाही! मी या गावात निम्म्या लोकांच्या गाद्या भरल्यात. तपकिरी टोपी घालणारी सगळी डोकी मला माहीत आहेत. त्यातली बरीचशी आता टोपी घालत नाहीत, माती पांघरतात.

मी ठरवलंय. चौदा तारखेला आपल्या मैदानावर सामना आहे, मी येतोय. काठीला नवीन रबर बसवून घेतलंय. देल्मीरा नको नको म्हणते, खुबा काय म्हणेल, थंडी काय म्हणेल. मी म्हटलं, या गर्दीत माझ्या वयाचा माणूस येऊन ओरडू शकतो तर मला काय धाड भरलीय? त्याच्या शेजारी बसेन. माते पाजेन. आणि तू वर काचेमागे असशीलच. मी हात करीन. तुझी गाडी सुटत असेल तर खाली येऊ नकोस, नुसता हात कर. दोन वर्षं होतील तुला पाहून.

डबा या वेळी मीच आणतो. दोन चमचे घेतो, चुकून तुला पाच मिनिटं मिळाली तर.

बाबा


ब्वेनोस आइरेस, ८ जुलै

देल्मीरा मावशी,

त्याला थांबव. काहीही कर. खुब्याचं कारण काढ, तुझ्या छातीत दुखतंय म्हण, वाटेल ते सांग.

डब्यातल्या खिरीचं तू कळवलं नाहीस, पण तुझा दोष नाही, मीच एम्पानादा लिहून मोकळी झाले. आणि तो टोपीवाला म्हातारा मी मनाने बनवला. बाबाचं पत्र आल्यावर मी ती हळहळीची ध्वनिफीत एकटीने लावून ऐकली. जूनमध्ये ही फीत नव्याने घेतल्यापासून कितीदा वाजवली असेल मी ती, पण कामात फक्त आवाज किती वर गेला ते बघते, आत कोण आहे ते ऐकत नाही. मावशी, तो अन्सेल्मो काकाच आहे. वरच्या गटात गेलो त्या दिवसाचा. आणि त्याच्या शेजारी, जरा हळू, कुणीतरी हसतंय. ते हसणं मी ओळखते. घरात कितीतरी वर्षांत ऐकलेलं नाही.

तेव्हापासून मी ते बटण जास्त दाबते. गोल हुकला नसला तरी दाबते. बाल्बुएना खेकसतो, “थ्रो-इनला कोण हळहळतं गं?” पण बाबा ऐकत असेल म्हणून दाबते. एवढं एकच काम मी इथे हौसेने करते.

त्याला तो रिकामा स्टँड बघू देऊ नकोस.

यानिना


ला लोमा, १३ जुलै

पोरी,

हे पत्र तुला सामना झाल्यावरच मिळेल, तरी लिहितेय.

थांबवायला मी कोण? मी तुझ्यासाठी डबा दिला म्हणाले, तू हसलीस म्हणाले, आता वर छातीत दुखण्याचं नाटक करू? आणि खरंच दुखलं तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचा? तुझ्या बापाने सकाळी न्हाव्याकडे जाऊन दाढी केलीय. बूट पॉलिश करून वर्तमानपत्रावर ठेवलेत. लग्नाला निघालाय जणू. अशा माणसाला दारात उभं राहून अडवायचं तर काळीज दगडाचं हवं, आणि माझ्याकडे ते नाही.

तू आज तीनदा फोन केलास तो मी शेजारून ऐकला. तिन्ही वेळा त्याने सांगितलं, हो, थंडी आहे. हो, मफलर घालीन. यानिना, तोंडात जीभ नव्हती का?

देल्मीरा


ला लोमा, १६ जुलै

लुकडे,

जाऊन आलो. खुबा ठणकतोय पण जागेवर आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

स्टँड तुडुंब होता. मला तर बसायला जागा मिळेना. शेवटी पोरांनी सरकून म्हाताऱ्याला जागा दिली, आमचीच पायरी, खांबाजवळ. ढोल, झेंडे, भुईमूग विकणारा, सगळं होतं. मी उगीच इतके दिवस घरी बसलो.

तुला पाहिलं. काचेमागे होतीस, कानाला ते यंत्र लावून. बारीक झाली आहेस, पण चेहरा चांगला दिसला. मी हात केला. काचेवर ऊन होतं म्हणून नीट कळलं नाही, पण मला वाटतं तूही केलास. कामात आहेस हे दिसत होतं, मग मी जिना चढून वर यायचा विचार सोडला. माणूस कामात असला की त्याला हाक मारू नये. मी गादी शिवत असताना तुझी आई दारातूनच परत जायची.

तो टोपीवाला काही आला नव्हता. थंडी होती ना. तू त्याला शोधत बसू नकोस. त्या वयात माणसं हळूहळू यायची बंद होतात, विचारायचं नसतं.

एक सांगतो. आवाज मैदानावर बसून ऐकण्यापेक्षा रेडिओवर जास्त चांगला येतो. तुझं काम चांगलं आहे. ते सोडू नकोस माझ्यामुळे.

शनिवारी तू फोन केलास तेव्हा काहीतरी सांगणार होतीस का? मला तसं वाटलं. मी थांबलो होतो. मग वाटलं लाइन गेली.

वडी पाठवतोय. या खेपेला डबा परत पाठवला नाहीस तरी चालेल.

बाबा


ब्वेनोस आइरेस, २२ जुलै

बाबा,

डबा परत पाठवत नाही.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं, मग जिन्यात जाऊन वाचलं, मग घरी. आता मी काय पाहिलं ते सांगते.

तू करडा कोट घातला होतास, आईने विणलेला मफलर, आणि ते पॉलिश केलेले बूट. कॅमेरा आपोआप चेंडूमागे फिरतो. चेंडू डाव्या बाजूला गेला की तू पडद्यावर यायचास, उजवीकडे गेला की जायचास. तू खांबाच्या अलीकडे बसला होतास, पलीकडची जागा मोकळी सोडून. पायरीवर दुसरं कुणीही नव्हतं. खालच्या नाही, वरच्याही नाही. मी बटणं दाबत होते. बाल्बुएना म्हणत होता, “मित्रांनो, स्टँड पेटलाय!” मी ढोल वाजवले. आपल्या कुणाचा तरी फटका हुकला, मी हळहळ दाबली. अन्सेल्मो काका माझ्या कानात ओरडला, आणि पडद्यावर तू मान वळवून पलीकडच्या जागेकडे पाहिलंस. तुला तो आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. तो फक्त इथे होता.

मध्यंतरात कॅमेरा एका जागी थांबतो. नेमका तुझ्या बाजूला थांबला. तू फडकं सोडलंस, डबा उघडलास, दोन चमचे काढलेस. एक झाकणावर ठेवलास. मग मागे वळून वर, त्या खोलीकडे पाहत राहिलास. तिथे कुलूप आहे आणि घरटं आहे, देल्मीरा मावशीने मला मे महिन्यातच सांगितलं होतं. तू बराच वेळ पाहिलंस. मग हात वर केलास.

मीही केला, बाबा. तू लिहिलंस ते खरं आहे. इथे, या खोलीत, पडद्यासमोर उभी राहून मी हात केला. बाल्बुएना सँडविच खात होता, तो बघतच राहिला.

मग तू खीर खाल्लीस. थोडीशी. दुसरा चमचा पुसून खिशात ठेवलास.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा माझी बोटं बटणांवर होती आणि मी एकही दाबलं नाही. ठरवून नाही. जमलंच नाही. बाल्बुएनाने खुणा केल्या, डोळे वटारले, मग बिचारा तसाच बोलत राहिला. सगळा उत्तरार्ध रेडिओवर त्याचा आवाज आणि त्याच्या खुर्चीची करकर, बाकी काही नाही. आमच्याकडे तक्रारीसाठी एक फोन असतो. सामना संपल्यावर मी त्याच्यापाशी बसले, म्हटलं, आता वाजेल. लोक विचारतील, गर्दी कुठे गेली? गिरणीवाले विचारतील. एकही फोन आला नाही. कुणालाच पत्ता नव्हता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोमाचं समालोचन ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो त्या दिवशी मैदानावर बसला होता.

इतके दिवस ती सगळी गर्दी मी तुझ्या एकट्यासाठी करत होते. मला आधी कळलं असतं तर आणखी मन लावून केली असती.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, कुणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणजे लोमाला गर्दी नसली तरी चालते. तेव्हा यापुढे लोमाच्या सामन्यांना बाल्बुएना एकटाच बसणार. दुसऱ्या गावांची गर्दी अजून माझ्याकडे आहे. लोमाचा सामना असेल त्या रविवारी मला सुट्टी.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. या खोलीत बसून बसून ती सवयच गेलीय. पण त्या दिवशी घरी गेले आणि कडकडून भूक लागली. खीर खावीशी वाटली. घरात तांदूळ नव्हते, तर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. तांदळासाठी नाही.

तू लिहितोस स्टँड तुडुंब होता. मग असणारच. मी काही त्यावर वाद घालणार नाही.

येत्या रविवारी सकाळच्या बसने येते. बटाटे उकडून ठेव, मांस मी आल्यावर तळ. मग दोघं मैदानावर जाऊ. हळूहळू जाऊ, तुझ्या खुब्याला झेपेल तसं. देल्मीरा मावशीलाही ने, तिचे माझ्यावर उपकार आहेत आणि एक कुत्राही तिची वाट बघत असेल. दोन्ही चमचे घे. कुणी गोल हुकवला तर अन्सेल्मो काकाचं वाक्य आपल्यापैकी कुणालातरी ओरडावं लागेल. तू ओरड. मला अजून सासू नाही.

बसला उशीर झाला तर माझी वाट बघत घरी थांबू नकोस. तू पुढे जा आणि खांबाजवळ माझी जागा धरून ठेव. गर्दी फार असते ना तिथे.

तुझी लुकडी